खजिना तुमचा, बाग सगळ्यांची

गोल्डन गेट पार्कात फावडं घेऊन फिरणाऱ्यांचं कौतुक मला तरी नको! १९८२ च्या 'द सीक्रेट' या पुस्तकातली १२ चित्रं आणि १२ कविता जुळवायच्या, पुरलेल्या पेट्यांच्या जागा ओळखायच्या. घरी बसून डोकं खाजवा की, मजाच आहे. पण पेट्या पुरणारे बायरन प्राइस २००५ मध्ये गेले, जागा न सांगताच. आजवर सापडल्या फक्त ३. मग नुसत्या अंदाजावर सार्वजनिक बाग उकरायचा हक्क कुणी दिला? बॉस्टनची पेटी २०१९ मध्ये मैदानाचं काम चालू असताना, तिथल्या कामगारांच्या मदतीने निघाली. विचारलं की होतं, राव! इथे झाडाची मुळं तोडून हाती दगडच लागला, तर भरपाई कोण देणार?