अस्वलाचं बिऱ्हाड

अस्वल म्हटलं की आपले चित्रकार आधी गुहा काढतात आणि मग तिच्यात अस्वल कोंबतात. जागावाटपाची ही जुलूमशाही आता पुरे! अमेरिकेतलं काळं अस्वल हिवाळ्यासाठी जागा बघतं, तेव्हा गुहा ही त्याच्या यादीतली फक्त एक नोंद असते. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखालचा खड्डा, फांद्यांचा ढीग, उतारावर स्वतः खणलेलं बीळ, काहीही चालतं. काही तर उघड्यावरच पाल्याची गादी घालून बर्फ अंगावर घेतात. टाहो सरोवराकाठी ती चक्क माणसांच्या घरांखालच्या पोकळीत शिरतात. पागडी नाही, भाडं नाही!

जागा ऐसपैस मात्र नको. मुटकुळं करून अंग मावलं की झालं. मोठी खोली तापवायची कशानं? कर्ज काढून मोठ्या हॉलचा हट्ट धरणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

यावर ‘आळशी जनावर!’ म्हणणारे भेटतातच. त्यांनी उत्तरेकडच्या अस्वलासारखे पाच-सहा महिने अन्नपाण्याविना, नुसत्या चरबीच्या ठेवीवर काढून दाखवावेत. मादी तर याच उपासात, जानेवारीच्या सुमारास, अर्ध्या किलोहून हलकी पिल्लं जन्माला घालते आणि त्यांना पाजते. ही बाळंतीण आळशी, तर दुपारी जेवून डुलकी काढणारे आपण कोण?

पण माझं खरं भांडण पुढेच आहे. लुइझियानाच्या सखल जंगलात पूर येतात. तिथं जमिनीवरचं बीळ म्हणजे बुडीत खातं. म्हणून तिथली कित्येक अस्वलं सायप्रससारख्या जुन्या झाडांच्या ढोलीत, उंचावर बिऱ्हाड करतात. अशी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. आणि म्हातारं, पोकळ झाड म्हणजे लाकूडवाल्याच्या हिशेबी घसारा पूर्ण झालेला माल! पाडा, जागा मोकळी करा! मी कॉमर्सचा पदवीधर आहे, घसाऱ्याशी माझं वैर नाही. पण ज्या वहीत ढोलीची किंमत शून्य लागते, ती वहीच चुकीची आहे. १९९२ साली तिथल्या काळ्या अस्वलाला कायद्यानं संरक्षण मिळालं, तेव्हा ढोलीच्या मोठ्या झाडांनाही मिळालं. जंगल राखलं, नव्यानं लावलं, आणि २०१६ साली ते अस्वल धोक्याच्या यादीतून बाहेर आलं.

तेव्हा पोकळ झाडावर कुऱ्हाड उगारण्यापूर्वी वर कोणी राहतं का, ते बघा. राहत असेल तर पावलं न वाजवता निघा. दचकलेली आई पिल्लं टाकूनही पळते. ऐन थंडीत तिला दुसरी जागा कुठली बँक मिळवून देणार?