दोस्तीला दुश्मन कशाला लागतो?

१४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि थिएटरातून रडत बाहेर पडणाऱ्या पोरांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागले. त्या रडण्याची टिंगल मी करणार नाही. आपल्याकडे पोरगा शाळेत जाऊ लागला की ‘बायकांसारखा रडू नको’ हे त्याला ऐकवलं जातं. बापाच्या मयतीतही त्याने डोळे कोरडे ठेवायचे. असा पोरगा चारचौघांत हमसून रडला, तर चांगलंच झालं. माझा आक्षेप वेगळा आहे. ही मुभा त्याला फक्त युद्धपटातच का मिळते? आणि डोळे पुसून झाले की त्या रडण्याची घोषणा का होते?

साखळदंडात जखडलेले संभाजीराजे आणि कवी कलश एकमेकांशी कवितेतून बोलतात, तिथे प्रेक्षक कोलमडतो. ‘तान्हाजी’ घ्या, ‘पावनखिंड’ घ्या, हिशोब तोच. पुरुषाचा पुरुषावर जीव आहे हे कबूल करायला आपल्या सिनेमाला रक्त लागतं. मित्र मरेपर्यंत त्याला धड मिठी मारता येत नाही. आणि ती मिठी शोभून दिसावी म्हणून समोर एक असा दुश्मन लागतो, ज्याला माणूसपण नसतं. तो कोणत्या कौमचा असतो, हे मी सांगायला नको.

इतिहास मात्र याहून मोठ्या मनाचा आहे. कवी कलश उत्तरेकडचे, कनोजचे. दरबारात त्यांच्याविषयी कुजबुज होती, बखरकारांनी त्यांना ‘कलुषा’ म्हणून हिणवलं. तरी राजांनी त्यांना दूर केलं नाही. १६८९ साली दोघे एकत्र पकडले गेले आणि एकत्रच मारले गेले. त्याआधी, १६८१ मध्ये, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर दक्षिणेत आला. त्यालाही राजांनी आसरा दिला. त्यात राजकारण होतं, पण दुश्मनाच्या मुलाला घरात घ्यायला छाती लागते. आपल्याच माणसांची नाराजी पत्करून परक्याला जवळ करणं, ही मर्दानगी तलवारीच्याही आधीची आहे. अकबर पडद्यावर येतो, पण शिट्ट्या त्याला पडत नाहीत.

पुढे काय झालं, ते आपण पाहिलं. आमच्या शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या खुलताबादची कबर उखडण्याची मागणी पेटली. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की, या सिनेमामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा जागा झाला. माझ्या ओळखीची, एका बाईकवर ट्रिपल सीट फिरणारी पोरं एकमेकांचे स्टेटस म्यूट करू लागली. पडद्यावरच्या यारीने त्यांची खरी यारी खाल्ली.

आपल्या मोहल्ल्यानेही आरशात बघावं. ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका उर्दूत डब होऊन घराघरात पोहोचली. तिथेही तेच. तुर्गुत, बाम्सी, दोआन हे जिवाला जीव देणारे भाऊ, आणि पलीकडे कापून काढायचे काफर. ते बघून छाती फुगवणाऱ्या आपल्या पोराने ‘छावा’वर तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

युद्धपट म्हटला की असंच दाखवावं लागतं, हे मला मान्य नाही. फ्रान्सच्या ज्याँ रेन्वारने १९३७ सालीच ‘ला ग्रांद इल्युझिओं’मध्ये एक जर्मन अधिकारी दाखवला. आपल्याच गोळीने मरणाऱ्या फ्रेंच कैद्याच्या उशाशी तो बसतो आणि त्याची माफी मागतो. त्याने त्याचं मर्दपण कमी होत नाही.

आपल्या शहरातल्या पोरांना, दोन्हीकडच्या, मला एवढंच म्हणायचंय. दोस्तासाठी मरायची वेळ तुमच्यावर येणार नाही. येईल ती छोटी वेळ. ग्रुपवर त्याच्या कौमबद्दल घाण पोस्ट पडेल आणि तो गप्प बसेल. तेव्हा सगळ्यांसमोर ‘बस कर’ लिहा. चार जण नाराज होतील, होऊ द्या. कवी कलशांच्या मित्राने तीच नाराजी राजा असून पत्करली होती.