शाळेची हजेरी आणि धर्मस्थानाची हजेरी

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी, आष्टी या गावांतील जैन घरांत एक जुना प्रश्न नव्याने निघतो. मुलाला मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळेत घालावे काय? शिस्त चांगली, इंग्रजी पक्के, वर्ग वेळेवर भरतात, हे सर्वांनाच मान्य असते. आजोबांची शंका मात्र निराळी असते. तेथे प्रार्थना कोणाची म्हणवून घेतात? नातवाला चर्चमध्ये तर बसवणार नाहीत? आजींना डब्याची चिंता असते. वडील म्हणतात, नवकार आपण घरी शिकवू. मग अर्ज भरला जातो आणि घरी नवकार कोण, केव्हा शिकवणार, हे ठरवायचे तेवढे राहून जाते.

आजोबांची शंका अनाठायी नाही; परंतु तिचे उत्तर शोधण्यापूर्वी कॅथलिक शाळा स्वतःच्या अनुयायांकडून काय अपेक्षा ठेवते, हे पाहण्यासारखे आहे. कॅथलिक व्यवस्थेत बीड जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. येथे ख्रिस्ती वस्ती थोडी. त्यामुळे अशा शाळांच्या वर्गांत हिंदू, मुस्लीम, बौद्ध आणि जैन मुलेच अधिक असतात, आणि त्यांच्या आईवडिलांनी रविवारी चर्चमध्ये यावे असे कोणी म्हणत नाही. वसई आणि मुंबईत, जेथे कॅथलिक समाज मोठा आहे, तेथे कॅथलिक मुलाच्या प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, धर्मगुरूंची चिठ्ठीही लागू शकते. धर्मशिक्षणाचा तास कॅथलिक मुलांसाठी असतो. त्या वेळी इतर मुले नीतिशिक्षणाच्या वर्गात बसतात. म्हणजे अपेक्षा आहे, पण ती घरच्यांपुरती आहे.

या अपेक्षेचे मूळ रूप अमेरिकेत दिसते. १८८४ मध्ये बाल्टिमोर येथे तेथील बिशपांची तिसरी धर्मपरिषद भरली. प्रत्येक चर्चशेजारी दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहावी आणि कॅथलिक पालकांनी मुलांना तेथेच पाठवावे, असा दंडक तिने घातला. पुढे कित्येक दशके या शाळा जोगिणींनी अल्प मोबदल्यात चालवल्या. जोगिणींची संख्या घटली, पगारी शिक्षक आले, खर्च वाढला. आणि शाळेचा तोटा रविवारच्या दानपेटीतून भरून काढावा लागला. ज्यांच्या पैशावर शाळा चालते ती मंडळी रविवारच्या मिस्सेला येतात. मग ज्यांची मुले शाळेत शिकतात त्यांनीही यावे, असे म्हणणे ओघानेच आले. पुष्कळ धर्मग्रामांत नियमित येणाऱ्या कुटुंबाला फी कमी आणि न येणाऱ्याला जास्त, अशी रीत पडली. येणारे कोण हे ओळखण्याची युक्तीही हिशेबी होती. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक घातलेली दानाची पाकिटे दिली जात. पाकीट पेटीत पडले की कुटुंब आले असे समजायचे.

कॅन्सस राज्यातील विचिटा धर्मप्रांताने हीच कल्पना अधिक उदारपणे राबवली. २००२ पासून तेथील धर्मप्रांताच्या शाळांत सक्रिय कॅथलिक कुटुंबांच्या मुलांना फी नाही. मोबदल्यात कुटुंबाने आपला वेळ, आपले कौशल्य आणि उत्पन्नाचा काही भाग धर्मग्रामाला द्यावा आणि रविवारी मिस्सेला यावे, एवढीच अपेक्षा. ज्यांना मूल नाही असे वृद्धही तितकेच देतात, म्हणून हे गणित जमते. आपल्याकडील संघांच्या विश्वस्तांनी हा प्रयोग एकदा समजून घ्यायला हरकत नाही. चातुर्मासाच्या मंडपावर जो खर्च होतो त्याच्या शेजारी गावातील गरजू साधर्मिकांच्या मुलांची फी मांडून पाहिली तर पुष्कळ काही उमगेल.

परंतु हजेरीला लाभ जोडला की हजेरी बिघडते, हेही तितकेच खरे. इंग्लंडमध्ये चर्चच्या अनेक शाळा सरकारी पैशावर चालतात. तेथे फी नाही, शिक्षण चांगले, जागा थोड्या. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की धर्मपालन करणाऱ्या कुटुंबांना अग्रक्रम देण्याची मुभा शाळेला आहे, आणि त्यासाठी धर्मगुरूंची सही लागते. परिणाम ओळखणे अवघड नाही. मूल तीन वर्षांचे झाले की आईवडिलांना श्रद्धा आठवते आणि प्रवेश मिळाला की ती पुन्हा विसरते. ‘गुडघे टेका, फी वाचवा’ अशा अर्थाची म्हणच तेथे रूढ झाली आहे. लंडनमधील जेएफएस या ज्यू शाळेची गोष्ट याहून बोलकी आहे. प्रवेशासाठी आईचे ज्यू असणे पाहण्याची त्या शाळेची पद्धत २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वांशिक भेदभाव ठरवली. जन्म पाहता येईना, तेव्हा शाळेला आचरण पाहावे लागले. आणि आचरण मोजायचे कसे, तर सिनेगॉगमध्ये किती वेळा आलात याचे गुण द्यायचे. जी गोष्ट मनाची होती ती गुणपत्रिकेत आली.

जैन वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. द्रव्यक्रिया आणि भावक्रिया हा भेद आपल्या आचार्यांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. अठ्ठेचाळीस मिनिटे मुहपत्ती बांधून आसनावर बसणे ही द्रव्य-सामायिक. त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत चित्तात समता उतरली तर ती भाव-सामायिक. पहिलीची नोंद वहीत होते, दुसरीची होत नाही. आपल्या पाठशाळांतही हजेरीचे कार्ड असते, त्यावर शिक्के पडतात, वर्षाअखेरीस जास्त शिक्के असलेल्या मुलास बक्षीस मिळते, आणि प्रभावनेच्या दिवशी गर्दी दुप्पट होते. लहान मुलाला गोडीने आणण्यासाठी यात वावगे काही नाही. त्या शिक्क्यांवर शाळेचा प्रवेश ठरू लागला तर मात्र बीडमध्येही लंडनच घडेल.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. घटनेच्या अनुच्छेद ३० नुसार आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार अल्पसंख्याकांना आहेच. तेव्हापासून समाजाच्या सभांतून एक सूचना अधूनमधून ऐकू येते: कॉन्व्हेंटवाले करतात, मग आपल्या शाळांत दर्शन आणि पाठशाळा सक्तीची का नसावी?

याचे पहिले उत्तर कायद्याचे आहे. अनुच्छेद २८ चे तिसरे कलम सांगते की, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कोणालाही तेथील धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. त्याची स्वतःची संमती हवी, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची. हे कलम कॉन्व्हेंटला लागू आहे तसेच जैन विद्यालयालाही. आजोबांच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. नातवाला चर्चमधील उपासनेस बसवायचे की नाही, हे शाळा ठरवत नाही, त्याचे आईवडील ठरवतात. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवण्यात आली होती; २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या शिक्षकाच्या बाजूने निर्णय दिला. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना केली की, इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा आणि सकाळच्या परिपाठात घटनेची उद्देशिका वाचावी. जी सक्ती कॉन्व्हेंट स्वतःच नाकारते, तिचे अनुकरण करण्यात शहाणपणा कोणता?

दुसरे उत्तर आपल्याच परिसरात उभे आहे. आष्टी तालुक्यातील कडा येथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचे शिक्षणकार्य चालते. ज्यांच्या नावाने ते चालते त्या आचार्य अमोलकऋषीजी महाराजांनी हैदराबादच्या मुक्कामात बत्तीसही आगमांचा हिंदी अनुवाद केला. स्थानकवासी समाजाच्या घराघरांत आगम पोचले ते या कामामुळे. एवढ्या शास्त्रनिष्ठ मुनींचे नाव लावलेल्या संस्थेत शिकायला येतात ती मात्र सीना-काठच्या शेतकऱ्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, सर्व जातिधर्मांची मुले. त्यांनी स्थानकात यावे अशी अट घातली असती तर त्या दुष्काळी मुलखातील कितीतरी घरांत पहिला पदवीधर झालाच नसता.

मग धर्मशिक्षणाचे काय? त्याची वेगळी वाट कड्यापासून फार दूर नसलेल्या पाथर्डीत आखली गेली. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये तेथे श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झाले. त्याच पाथर्डीत तिलोक जैन विद्यालयही आहे. विद्यालय सर्वांसाठी, परीक्षा ज्याला धर्म शिकायचा आहे त्याच्यासाठी. विद्यालयात शिकायचे म्हणून परीक्षेला बसा, असे नाही. आणि परीक्षेला बसणारा कोणत्या शाळेत जातो, याची विचारपूस नाही. कॉन्व्हेंटमधील मुलगीही बसू शकते. ज्या काळात गावोगावी केवळ कंठस्थ पाठांवर भर होता, त्या काळात क्रमवार अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि पदव्या अशी रचना करणे ही मोठी दूरदृष्टी होती. दिगंबर परंपरेत कारंजा येथील महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ मध्ये आणि बाहुबली येथील गुरुकुल १९३४ मध्ये निघाले. तेथे पूजा आणि स्वाध्याय दिनचर्येतच आहेत. परंतु गुरुकुलात मूल पाठवणारा पालक तेच हवे म्हणून पाठवतो. संमती तेथे आधीच दिलेली असते.

सक्तीने काय साधते, याचा एक दाखला जैन समाजाच्या इतिहासातच आहे, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचा नियम त्याने मानला नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. सोवळ्याचे नियम बोर्डिंगने सांभाळले. अपरिग्रह आणि प्राणिमात्राविषयीची समता मात्र नियम मोडणाऱ्या त्या मुलानेच पुढे जगून दाखवली. १९१९ मध्ये काले येथे त्याने रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले. कर्मवीरांचे नाव आज आपण व्यासपीठावरून गौरवाने घेतो. बोर्डिंगच्या त्या निर्णयाचा उल्लेख सहसा कोणी करत नाही.

तरीही कॅथलिक धर्मग्रामाच्या अपेक्षेत एक गोष्ट अशी आहे की जी उचलावी. ती हजेरी मुलाची मागत नाही, कुटुंबाची मागते. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने शिक्षणाविषयी जे निवेदन काढले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले आहेत. शाळा त्यांची मदतनीस. म्हणून तेथील धर्मगुरू पालकाला विचारतात, रविवारी तुम्ही कोठे होता? आपल्याकडे हा प्रश्न मुलाला विचारला जातो. आई मुलाला स्थानकाच्या दाराशी उतरवते आणि स्कूटर वळवून बाजारात जाते. वडील दुकानात असतात. पाठशाळेच्या ताई एकट्या तीस मुले सांभाळतात. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्हींचा विचार आपले शास्त्र करते. त्यांतील करविण्याचा मार्ग तेवढा पालकांनी उचलला, असे म्हणावे लागेल.

मिशनरी शाळेत मूल घातले असेल तर काही गोष्टी जूनमध्येच कराव्यात. प्रवेश-अर्ज आणि शाळेची नियमपुस्तिका सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावी; धार्मिक उपक्रमांना संमती मागणारे कलम असेल तर त्यावर हो किंवा नाही स्पष्ट लिहावे. पर्युषण आणि संवत्सरीच्या तारखा शाळेला लेखी कळवाव्यात. घटक चाचणी नेमकी त्याच आठवड्यात येते आणि मूल उपवास करून पेपर लिहिते, हे भाद्रपदात लक्षात येऊन उपयोग नसतो. जूनच्या पत्राला शाळा मान देते, आदल्या दिवशीच्या तक्रारीला सहसा देत नाही. डब्याविषयी वर्गशिक्षिकेशी एकदा शांतपणे बोलावे. आणि मुलाने शाळेत येशूची प्रार्थना ऐकली म्हणून त्याला घरी दटावू नये. दुसऱ्याच्या उपासनेच्या वेळी शांत उभे राहणे म्हणजे ती उपासना करणे नव्हे, एवढा फरक सात वर्षांच्या मुलालाही समजावून सांगता येतो.

राहिला घरच्या नवकाराचा प्रश्न. पाथर्डी बोर्डाच्या परीक्षांना मुलेच बसतात असे नाही. साधू-साध्वींनी तेथे विशारद, शास्त्री, आचार्य या पायऱ्या चढल्या आहेत आणि श्राविकाही पुस्तके घेऊन बसल्या आहेत. बीडमधील ज्या आईला मुलीने प्रतिक्रमणाचा अर्थ विचारला आणि उत्तर आले नाही, तिला पुस्तक मागवता येते. रविवार कॉन्व्हेंटलाही सुट्टीचाच असतो. सकाळी नऊला पाठशाळा भरते, आणि मागच्या भिंतीशी मोठ्यांसाठी अंथरलेली सतरंजी बहुतेक वेळा रिकामी असते.