मिळवता विद्यार्थी कोणाच्या हिशेबात?

पुणे-सातारा महामार्गावर भोर तालुक्यातील शिवरे आणि त्याच्या आसपासच्या गावांत कॉलेजात नाव घातलेला आणि त्याच वेळी कारखान्यात, गोदामात किंवा हॉटेलात पाळी करणारा मुलगा ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सकाळी तास, दुपारनंतर काम आणि रात्री जमेल तेवढा अभ्यास, असा त्याचा दिवस असतो. त्याच्या कमाईतून बसभाडे, पुस्तके आणि परीक्षेचे शुल्क भागते; त्याचे जेवण, कपडे आणि डोक्यावरचे छप्पर मात्र आईबापांच्याच कष्टावर चालते. हा मुलगा अवलंबित समजावयाचा की स्वावलंबी, या प्रश्नाचे शासन काय उत्तर देते, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

पगारदार मध्यमवर्गाने या प्रश्नावर आपला तोडगा केव्हाच शोधला आहे. अंदाजपत्रकाचे दिवस जवळ आले की मागणी सुरू होते : शिकणाऱ्या मुलाचा, मग तो थोडेफार मिळवीत असला तरी, भार पालकावर पडतो, तेव्हा पालकाला प्राप्तिकरात सूट द्या. मागणी सहानुभूतीची वाटते आणि तिला पूर्वपीठिकाही आहे. जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाच्या अहवालानंतर १९५५ च्या अंदाजपत्रकात चिंतामणराव देशमुख यांनी पंधराशे रुपयांची करमुक्त मर्यादा विवाहितांसाठी दोन हजार आणि अविवाहितांसाठी एक हजार केली. १९५७ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांनी दोन मुलांपर्यंत प्रत्येकी तीनशे रुपयांची सूट त्यात जोडली. कुटुंबाचा भार पाहून कर ठरवावा हे तत्त्व तेव्हा मान्य झाले होते. पुढे ते मोडीत निघाले.

तरीही ही मागणी श्रमिकांच्या चळवळीने उचलून धरावी काय? मुळीच नाही. करातील सूट ही कर भरणाऱ्यालाच मिळते, आणि जो अधिक भरतो त्याला अधिक मिळते. जुन्या करपद्धतीत मुलांच्या शिक्षणशुल्काची वजावट विमा, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींसह दीड लाख रुपयांपर्यंत मिळते. तीस टक्क्यांच्या पायरीवरील अधिकाऱ्याचे त्यात पंचेचाळीस हजार वाचतात. वीस टक्क्यांच्या पायरीवरील माणसाचे तीस हजार वाचतात. आणि शिवऱ्याच्या कंत्राटी कामगाराचे, ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, काहीच वाचत नाही. सरकारी तिजोरीतून दिलेली ही शिष्यवृत्तीच आहे; फक्त ती गरजेच्या उलट्या क्रमाने वाटली जाते.

अमेरिकेचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथे १९१७ पासून अवलंबितांसाठी करसवलत आहे. १९५४ च्या कायद्याने विद्यार्थ्याची स्वतःची कमाई त्या सवलतीच्या आड येणार नाही अशी तरतूद केली. पूर्ण वेळ शिकणारा चोवीस वर्षांखालील मुलगा स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक भार स्वतः उचलत नसेल, तर तो आजही आईबापांचा अवलंबित ठरतो. व्याख्या समंजस आहे हे मान्य करावे लागेल. परंतु २०१८ पासून अशा मोठ्या मुलासाठी पालकाला मिळते ती पाचशे डॉलरपर्यंतची करकपात, आणि तीही ज्याच्यावर कर लागू आहे त्यालाच. ज्याचे उत्पन्न कराइतके नाही, त्या घराला तेथेही रिकाम्या हाताने परतावे लागते. सवलतीचा हा मार्ग श्रीमंत देशातही गरिबाच्या दारापर्यंत जात नाही.

खरा अन्याय निराळ्याच ठिकाणी आहे. शासन या मुलाचा हिशेब दोन वह्यांत ठेवते आणि दोन्ही वह्यांत त्याच्या विरुद्ध ठेवते. कराच्या वहीत तो स्वतंत्र व्यक्ती असतो. तो बापाच्या भाकरीवर जगतो याची तेथे दखल नसते. फीसवलतीच्या वहीत मात्र तो अचानक कुटुंबाचा घटक होतो आणि त्याची मजुरी घराच्या उत्पन्नात मिळविली जाते.

नियमच पाहावेत. १९९२ मध्ये अज्ञान मुलांचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळविण्याचे ठरले, तेव्हा अंगमेहनतीची वा कौशल्याची कमाई त्यातून मुद्दाम वगळण्यात आली. १९९३ मध्ये इतर मागासवर्गीयांतील प्रगत स्तर ठरविताना आईवडिलांची स्थिती पाहावयाची, उमेदवाराची स्वतःची कमाई नव्हे, असेच धोरण राहिले. मग अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या केंद्रीय नियमावलीत काय होते? नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याची आणि पालकांची कमाई मिळून दोन लाखांच्या आत असेल तरच त्याला सक्तीच्या शुल्काची भरपाई, निर्वाहभत्ता नाहीच. समजा, बापाची कमाई वर्षाला दीड लाख आहे आणि मुलगा महिन्याला पाच हजार मिळवितो. बेरीज होते दोन लाख दहा हजार. मुलगा घरी बसला असता तर शिष्यवृत्तीस पात्र ठरला असता; कामाला गेला म्हणून अपात्र ठरतो. २०१३ मध्ये ही मर्यादा अडीच लाख झाली, परंतु आकडा वाढल्याने तत्त्वातील खोट भरून निघत नाही. जानेवारी २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी केंद्राने कुटुंबाची व्याख्या केली, तीतही अर्जदाराची स्वतःची कमाई मोजली जाते.

यावर कोणी म्हणेल, त्या आरक्षणाची आणि महाराष्ट्रातील राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा आठ लाखांची आहे; कंत्राटी कामगाराला तिची काय भीती? भीती आज कायम कामगाराला आहे, किरकोळ पगाराच्या दोन नोकऱ्यांवर चालणाऱ्या घराला आहे. शिवाय मर्यादा गोठून राहिली की वाढती महागाई आणखी घरांना तिच्याबाहेर ढकलते. २०२५ च्या अंदाजपत्रकाने बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत कर शून्य केला. म्हणजे नऊ लाखांच्या घराला एक खाते सांगते, तुझ्याकडे कर देण्याइतकेही नाही; दुसरे खाते सांगते, पूर्ण फी भर.

दुसरा आक्षेप असा की, मुलाची कमाई वगळली तर धनिक लोक आपले उत्पन्न मुलांच्या नावे दाखवतील. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर १९९२ च्या तरतुदीतच आहे. व्याज, भाडे, लाभांश मोजावेत. मजुरी मोजू नये. या देशाचा करकायदा इस्टेटवाल्या हिंदू अविभक्त कुटुंबाला १९२२ पासून स्वतंत्र करदाता मानून निराळी करमुक्त मर्यादा देत आला आहे. इतके बारकावे ज्यांना इस्टेटीसाठी सुचतात, त्यांना मजुरीसाठी एक ओळ लिहिणे जड जाऊ नये.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न नेहमी गरिबांच्या मागणीलाच विचारला जातो. मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला, संपत्तिकर २०१५ मध्ये गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर उतरविताना वर्षाला एक लाख पंचेचाळीस हजार कोटींचे उत्पन्न सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. बापाची इस्टेट मुलाला करमुक्त मिळते आणि मुलाने स्वतः मिळविलेले पाच हजार मात्र त्याच्या शिक्षणाच्या आड येतात, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच महामार्गाने पुढे गेले की सातारा लागते. तेथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. त्या तत्त्वात विद्यार्थ्याचे श्रम हे त्याच्या शिक्षणाचे साधन होते. फी लावण्याचे निमित्त नव्हते. कर्मवीरांच्या नावाने योजना चालवावयाच्या आणि कमावणाऱ्यालाच दंड करावयाचा, ही विसंगती महाराष्ट्राने खपवून घेऊ नये.

म्हणून करातील सवलतीच्या मागणीमागे न फरफटता तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. शिकत असतानाची मजुरी प्रत्येक शिष्यवृत्ती, फीसवलत आणि आरक्षणाच्या उत्पन्न-मोजणीतून वगळावी. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतील घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले, ती माफी सर्व अभ्यासक्रमांतील श्रमिक मुलामुलींपर्यंत न्यावी. विद्यार्थी-कामगाराला परीक्षेच्या काळात पगारी रजा मालकाने द्यावी. कार्यकर्त्यांनी गावोगावी अशा मुलांची नोंद करावी, कोणाचा अर्ज कोणत्या नियमाखाली नाकारला गेला ते लिहून घ्यावे आणि ती यादी घेऊन भोरच्या तहसील कचेरीवर जावे. नियम मुंबई-दिल्लीत बदलतात हे खरे. पण ते बदलावे लागतील इतका पुरावा शिवऱ्यासारख्या गावांतूनच उभा राहावयाचा आहे.