फाइल बंद, बोलणी मात्र आम्हाला

‘फाइल उघडत नाही’ असं शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी लिहिलं की उपदेश सुरू होतात. कम्प्युटर फॉरमॅट करा, एखादा कोर्स करा, मुलाला विचारा. लिहिणारी उर्दू माध्यमाच्या शाळेतली आपा असेल तर त्यात एक सूर जास्तीचा मिसळतो: यांचं तंत्रज्ञानाशी जमतच नाही! माझं मत उलट आहे. अशा बऱ्याच प्रकरणांत उघडणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, पाठवणाऱ्यानं विचार केलेला नसतो.

उदाहरण साधं आहे. एका प्रशिक्षणानंतर शाळांना आपत्तीच्या वेळी बाहेर पडायचा नमुना नकाशा पाठवला गेला. कोणता वर्ग कोणत्या जिन्यानं उतरेल, मैदानात कुठं जमेल, हे बाणांनी दाखवलेलं. काम चांगलं होतं, पण फाइल व्हिजिओची होती आणि शाळेच्या कम्प्युटरवर फक्त जुना व्हिजिओ व्ह्यूअर. त्यानं फाइलला हातही लावला नाही.

का लावला नाही? व्हिजिओ १९९२ मध्ये आलं, २००० मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं. कित्येक वर्षं त्याच्या फाइली व्हीएसडी प्रकारच्या होत्या. २०१३ च्या आवृत्तीपासून व्हीएसडीएक्स आला, आणि त्याआधीच्या व्ह्यूअरला हा प्रकार ठाऊकच नाही. नवा व्ह्यूअर टाकला तरी दुसरी अडचण उभी राहते. हा व्ह्यूअर इंटरनेट एक्स्प्लोररच्या खिडकीत चालायचा, आणि त्या ब्राउझरला मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ रोजी निरोप दिला. घर पाडलं तर भाडेकरू कुठं जाईल?

काही जण अशा वेळी फाइलच्या नावातलं शेवटचं ‘एक्स’ खोडतात. त्यानं काही होत नाही. बरणीवरची चिठ्ठी बदलली म्हणून लोणच्याचा मुरंबा होत नसतो. आत काय आहे हे बघायचं असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण सुरुवातीला इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरं असतील तर ती झिप प्रकारची आहे. व्हीएसडीएक्स म्हणजे एक्सएमएल फाइलींची झिप केलेली पिशवीच. तिची एक प्रत करून शेवटी झिप असं नाव द्या. पिशवी उघडली तर फाइल बहुधा शाबूत आहे, तुमचा व्ह्यूअर जुना आहे. उघडलीच नाही तर ती अर्धवट उतरलेली असू शकते. पाठवणाऱ्याकडच्या फाइलचा आकार विचारून ताडून पाहा. ईमेलमधून आलेली फाइल विंडोजनं अडवलेली असते, असंही होतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, खाली ‘अनब्लॉक’ दिसलं तर खूण करा. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असेल तरच, हे सांगायला नको.

एवढं करून फुकटातला मार्ग हवा असेल तर लिबरऑफिसचं ड्रॉ आहे. ते व्हीएसडी आणि व्हीएसडीएक्स दोन्ही उघडतं. एखादा बाण सरकतो, अक्षरं चौकटीबाहेर येतात, पण नकाशा कळतो. अनोळखी वेबसाइटवर फाइल चढवून पीडीएफ करून घेण्याचा सल्ला मात्र मला पटत नाही. शाळेची दारं, जिने, मुलींची स्वच्छतागृहं कुठं आहेत ते त्या कागदावर असतं. तो कुणाच्या हातात देतोय हे कळायला नको?

‘मग पीडीएफच पाठवायची, विषय संपला’ असं म्हणणारेही भेटतात. माझ्या मते तिथं विषय अर्धाच संपतो. पीडीएफ बघायला उत्तम, पण त्यात शब्द बदलणं जिकिरीचं. आमच्या मुलांना नावं उर्दूत हवीत. संकटकाळी वापरायच्या दाराला उर्दूत ‘हंगामी दरवाज़ा’ म्हणतात. मराठीत ‘हंगामी’ म्हणजे तात्पुरता! दोन्ही माध्यमं एकाच इमारतीत भरत असतील तर त्या दारावर दोन्ही भाषांत नीट लिहिलेलं हवं, आणि त्यासाठी मूळ फाइल शिक्षकाच्या हाती हवी.

उर्दूकरण करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ओघतक्ता असेल तर तो उजवीकडून सुरू केलेला बरा, कारण आमच्या मुलांची नजर तिथून निघते. नकाशाला मात्र चुकूनही आरसा दाखवायचा नाही. जिना जिथं आहे तिथंच राहणार. मराठी वर्गाला तो डावीकडे आणि उर्दू वर्गाला उजवीकडे दाखवला तर आगीच्या वेळी काय होईल?

अक्षरांचं दुखणं तर आपल्या दोन्ही भाषांना ठाऊक आहे. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन दिसायचा. जुन्या इनपेजमधल्या उर्दूचीही तीच गत. म्हणून नावं युनिकोडमध्येच टाका. नस्तालीक फॉन्ट समोरच्याकडे नसला तर अक्षरं नस्खमध्ये दिसतील, सुंदर दिसणार नाहीत, पण वाचता येतील.

माझी मागणी मोठी नाही. आकृती पाठवणाऱ्यानं एक पीडीएफ द्यावी, फॉन्ट आत बसवून. सोबत मूळ फाइल द्यावी आणि जमल्यास एसव्हीजी प्रतही. ती कुठल्याही ब्राउझरमध्ये दिसते आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलता येते. आणि पाठवण्याआधी हे सगळं व्हिजिओ नसलेल्या एखाद्या कम्प्युटरवर एकदा उघडून पाहावं. तसा कम्प्युटर शोधायला लांब जावं लागणार नाही, कुठल्याही शाळेच्या ऑफिसात मिळेल.