चॅटबॉटच्या टेबलची बेरीज ४८ आली! कॅरेक्टर टेबल लायब्ररी म्हणजे काय आणि ती आज का महत्त्वाची आहे?

दिवाळीला मी गावी, अंबाजोगाईला गेलो होतो. मामेबहीण एमएस्सी गणित करते. तिला असाइनमेंटमध्ये 'ए-५' या गटाचं कॅरेक्टर टेबल हवं होतं. तिने एका एआय चॅटबॉटला विचारलं आणि अर्ध्या मिनिटात पाच ओळी, पाच रकान्यांचं टेबल आलं. पहिला रकाना १, ३, ३, ४, ५. अगदी बरोबर. पण दुसरी ओळ होती: ३, −१, ०, १, −१.

या गटात ६० घटक आहेत आणि ते १, १५, २०, १२, १२ अशा पाच वर्गांत विभागलेले आहेत. नियम सोपा आहे: ओळीतल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करा, त्याला त्या रकान्यातल्या घटकांच्या संख्येने गुणा आणि बेरीज करा. उत्तर ६० यायलाच हवं. आम्ही केलं: ९ + १५ + ० + १२ + १२ = ४८.

"दादा, पण त्याने इतकं ठासून सांगितलं!" बहीण म्हणाली.

हा लेख त्या 'ठासून सांगितलं' बद्दल आहे.

कॅरेक्टर टेबल म्हणजे नक्की काय?

गट, म्हणजे ग्रुप, हा अदलाबदलींचा हिशोब. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) 'अंकपाश' प्रकरणात एक मस्त उदाहरण दिलंय. विष्णूच्या चार हातांत चार आयुधं किती प्रकारे धरता येतील? उत्तर २४. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं? ३६,२८,८००. आम्हा परळी वैजनाथच्या शेजाऱ्यांना हे उदाहरण घरचंच वाटतं.

भास्कराचार्यांनी प्रकार मोजले. पुढे १९व्या शतकात प्रश्न आला की या २४ अदलाबदली एकामागोमाग एक केल्या तर त्यांचं आपसातलं नातं कसं आहे? हे नातं म्हणजे गट. चार वस्तूंच्या गटाला 'एस-४' म्हणतात. १८९६ मध्ये जर्मन गणितज्ञ फ्रोबेनियस यांनी अशा गटांचं सार एका छोट्या तक्त्यात मांडण्याची पद्धत दिली. तेच कॅरेक्टर टेबल.

एस-४ मधल्या २४ अदलाबदलींचे पाच वर्ग पडतात: काहीच न बदलणारी १, दोघांची अदलाबदल ६, दोन जोड्यांची एकदम ३, तिघांचा फेरा ८ आणि चौघांचा फेरा ६. टेबल असं:

१, १, १, १, १
१, −१, १, १, −१
२, ०, २, −१, ०
३, १, −१, ०, −१
३, −१, −१, ०, १

पहिल्या रकान्याच्या वर्गांची बेरीज करा: १ + १ + ४ + ९ + ९ = २४. कुठल्याही दोन वेगळ्या ओळी घ्या, आकडे आपसात गुणा, वर्गातल्या संख्येने गुणा, बेरीज शून्य येईल. तिसरी आणि चौथी ओळ: ६ + ० − ६ + ० + ० = ०. कागद-पेन पुरेसं आहे.

मग लायब्ररी कशाला?

कारण सगळे गट एवढे छोटे नसतात. 'मॉन्स्टर' नावाच्या गटात ५४ आकडी संख्येइतके घटक आहेत. त्याचं टेबल १९४ ओळी आणि १९४ रकान्यांचं आहे आणि पहिली क्षुल्लक ओळ सोडली तर सगळ्यात छोटी ओळसुद्धा १,९६,८८३ या आकड्याने सुरू होते. हे कोणी असाइनमेंटच्या आदल्या रात्री काढू शकत नाही.

म्हणून १९८५ मध्ये कॉनवे, कर्टिस, नॉर्टन, पार्कर आणि विल्सन या पाच जणांनी 'ॲटलस ऑफ फायनाइट ग्रुप्स' हे भलंमोठं पुस्तक काढलं. ९३ गटांची माहिती, छापील. त्याच सुमारास जर्मनीतल्या आखेनमध्ये योआखिम नॉयब्यूझर यांच्या गटाने 'गॅप' हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याला जोडून येते 'सीटीबीएल-लिब' ही कॅरेक्टर टेबलची लायब्ररी. थॉमस ब्रॉयर ती वर्षानुवर्षं सांभाळतायत. आज तिच्यात दोन हजारांहून जास्त टेबलं आहेत. गटाचं नाव टाईप करा, टेबल समोर. एकदा इन्स्टॉल केलं की इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे लाईट आणि नेटवर्क दोघांचाही भरवसा नसतो, तिथे ही गोष्ट लहान नाही.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी. लायब्ररीतल्या टेबलसोबत एक माहितीपट्टी असते: हे टेबल कुठून आलं आणि त्यावर कोणत्या चाचण्या झाल्या. आम्ही ज्या बेरजा हाताने केल्या, त्यांचीही नोंद तिथे सापडते. म्हणजे टेबल स्वतःची जन्मपत्रिका घेऊन येतं.

बातमी: ५० वर्षं जुनं अनुमान सुटलं

आता चालू घडामोडींकडे येऊ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन मॅके यांना या टेबलांमध्ये एक विचित्र योगायोग दिसला. एक मूळ संख्या घ्या, समजा ३. एस-४ च्या टेबलच्या पहिल्या रकान्यात ३ ने भाग न जाणारे आकडे किती? १, १, २, म्हणजे तीन. आता एस-४ च्या आतला, ३ या संख्येशी जोडलेला एक ठरावीक छोटा गट घ्या (इथे तो तीन वस्तूंच्या सहा अदलाबदलींचा गट आहे). त्याच्या टेबलचा पहिला रकाना: १, १, २. पुन्हा तीन!

मॅके म्हणाले, हे प्रत्येक सांत गटात, प्रत्येक मूळ संख्येसाठी खरं असावं. मोठ्या अवाढव्य गटातला आकडा छोट्याशा गटातून कळतो. २००७ मध्ये आयझॅक्स, माले आणि नवारो यांनी हा प्रश्न 'साध्या गटां'पर्यंत आणून ठेवला. त्यानंतर ब्रिटा श्पेथ आणि मार्क काबानेस या जोडप्याने शेवटचे अवघड गट एकेक करून संपवले. २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, २०२४ मध्ये पेपर ऑनलाइन आला. मॅके २०२२ मध्येच गेले.

मूळ निरीक्षण टेबलं बघूनच आलं होतं. आणि 'लायब्ररीत एकही अपवाद सापडत नाही' या गोष्टीने लोकांना इतकी वर्षं या प्रश्नामागे लागायचं बळ दिलं. पण समजा टेबलच चुकीचं असतं तर?

सेर यांची शंका

हीच शंका जाँ-पिएर सेर या फ्रेंच गणितज्ञांनी उपस्थित केली. ॲटलसमधल्या टेबलांच्या सिद्धता कुठे आहेत? पाच जणांनी केलं म्हणून मानायचं का? ॲटलसमध्ये चुका सापडल्याही होत्या आणि दुरुस्त्यांची यादी १९९५ मध्ये छापली गेली होती.

मला उत्तर देण्याची पद्धत आवडली. 'आमच्यावर विश्वास ठेवा' असं कोणी म्हटलं नाही. ब्रॉयर, माले आणि ओब्रायन यांनी ॲटलसमधली बहुतेक टेबलं वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या प्रोग्रॅमने शून्यातून पुन्हा काढली आणि ताडून पाहिली. 'बेबी मॉन्स्टर'ची पडताळणी २०२० मध्ये छापून आली. खुद्द मॉन्स्टरची २०२४ च्या अखेरीस मांडली गेली.

एवढी मेहनत का? कारण नुसत्या बेरजा जुळणं पुरेसं नसतं. चॅटबॉटची ती ओळ पहिल्या ओळीशी ताडली तेव्हा ३ − १५ + १२ − १२ न होता... थांबा, घाई नको, रकाने नीट धरा: ३ − १५ + ० + १२ − १२ = −१२. इथेही शून्य यायला हवं होतं. म्हणजे ही ओळ दोन्ही चाचण्यांत नापास. पण याहून हुशार चूक दोन्हीत पास होऊ शकते. आठ घटकांचे दोन पूर्णपणे वेगळे गट आहेत, ज्यांची कॅरेक्टर टेबलं तंतोतंत एकच आहेत. टेबल निर्दोष, पण ते कोणाचं आहे हे टेबल सांगत नाही. त्यासाठी माहितीपट्टी लागते, वंशावळ लागते.

आपल्याकडचा धागा

हे सगळं युरोपातच घडतं असं नाही. श्रीराम अभ्यंकर, उज्जैनमध्ये जन्मलेले, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकवणारे आणि १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं करणारे मराठी गणितज्ञ. १९५७ मध्ये त्यांनी मांडलेलं अनुमान रेनो आणि हारबेटर यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं. स्वतः अभ्यंकर त्या काळात वेगळ्याच कामात होते: मॅथ्यू गटांसारखे दुर्मिळ गट ज्यांच्यातून निघतात अशी प्रत्यक्ष समीकरणं ते लिहून दाखवत होते. 'असं समीकरण असतं' यावर न थांबता 'हे घ्या, तपासा' म्हणणं, हा तोच स्वभाव.

वापरणार असाल तर तीन गोष्टी

एक, लायब्ररीतलं टेबल गटाचे घटक ओळखत नाही. तुमच्या प्रोग्रॅममधला गट आणि टेबल यांची सांगड स्पष्टपणे घालावी लागते.

दोन, रकान्यांची नावं काही वेळा मनाने ठरवलेली असतात. ए-५ मध्ये शेवटचे दोन १२-१२ चे रकाने अदलाबदल केले तरी टेबल बरोबरच राहतं. दोन ठिकाणची टेबलं आंधळेपणाने एकत्र करू नका.

तीन, माहितीपट्टी वाचा. आपण पॅकेज इन्स्टॉल करतो आणि पुढे जातो. मीही ऑफिसात तेच करतो.

बीडच्या पोराला हे का भिडलं?

माझे आई-वडील काही हंगाम कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. उचल किती घेतली, किती टन तोडला, किती फिटली, हे सगळं मुकादमाच्या वहीत. वही त्याची, बेरीज त्याची. हंगाम संपताना वडिलांना फक्त शेवटचा आकडा कळायचा, आणि बहुतेक वेळा अजून काही बाकी निघायची. आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. तो तपासता येत नव्हता, एवढंच म्हणतो. आणि तपासता न येणारा आकडा समोरच्याची ताकद असते.

जुलै २०२५ मध्ये एआय मॉडेल्सनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या प्रश्नांवर सुवर्णपदकाच्या तोडीचे गुण मिळवले. ही यंत्रं हुशार होतायत, यात वाद नाही. मी स्वतः रोज वापरतो. पण हुशार माणसाचीही वही बघायला मागायची असते. यंत्राने टेबल दिलं तर लायब्ररीशी ताडा, लायब्ररीने दिलं तर माहितीपट्टी बघा, आणि छोटं असेल तर कागदावर बेरीज करा.

बहिणीने शेवटी गॅप इन्स्टॉल केलं. ए-५ ची खरी दुसरी ओळ आली: ३, −१, ०, आणि शेवटच्या दोन जागी (१ + √५)/२ आणि (१ − √५)/२. त्या दोघांच्या वर्गांची बेरीज ३. म्हणून ९ + १५ + १२ × ३ = ६०. तिने ते वहीत लिहिलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'तपासलं'.

तुम्हीही एस-४ पासून सुरुवात करा. वर दिलेल्या टेबलच्या उरलेल्या ओळी ताडून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.