शिवणयंत्र भंगारांत घालण्यापूर्वीं

अंगारकीला राजूरच्या गणपतीस गेलों असतां आत्याबाईंच्या पडवींत एक बंद पडलेलें शिवणयंत्र दृष्टीस पडलें. पायानें चालवावयाचें, काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलें. आठ वर्षांत त्याचें चाक तसूभर फिरलें नव्हतें, आणि दुसरे दिवशीं भंगारवाला तें वजनावर नेणार होता. जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळया करितात. तेव्हां त्याची पुढील गति सांगावयास नको. याच यंत्रावर पोलकीं शिवून आत्याबाईंनीं दोन मुलांच्या शाळेची फी भरली होती. तें बंद पडल्यापासून चार पैशांसाठीं मुलाकडे हात पसरावा लागे, हें त्या बोलून दाखवीत नसत. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

माझें स्पष्ट मत असें कीं, अडकलेलें यंत्र आणि झिजलेलें यंत्र यांतील भेद पाहिल्यावांचून असा सौदा कोणीही करूं नये. पुष्कळ जुन्या यंत्रांचा रोग तेलाचा असतो. हाताशीं असलेलें खोबरेल किंवा गोडें तेल लोक छिद्रांत सोडतात. तें वाळून राळेसारखें चिकट होतें, त्यावर धूळ व सुताचा भुगा बसतो, आणि सांधे जखडतात. लोखंड मात्र आंत शाबूत असतें.

आम्हीं वादी उतरविली आणि प्रत्येक छिद्रांत रॉकेलचे थेंब सोडून यंत्र रात्रभर तसेंच ठेविलें. (तेवढें रॉकेल मिळवितांनाच अर्धा दिवस गेला!) सकाळीं चाक बोटभर पुढें, बोटभर मागें हलवीत राहिलों. ठोकाठोक केली नाहीं. बीड कठीण खरें, पण ठिसूळ, तडकावयास वेळ लागत नाहीं. तिसऱ्या दिवशीं चाकानें पूर्ण फेरा घेतला. मग शटलखालचा दोऱ्यांचा गुंता काढला, सर्व पुसून यंत्राचें पातळ तेल दिलें, आणि नवी कातडी वादी चढविली.

तरीही टीप पडेना! मी अगदीं रडकुंडीस आलों. सुई खालीं जाऊन किंचित् वर येऊं लागली कीं तिच्या नेढ्याजवळ दोऱ्याचा फांस होतो; त्याच क्षणीं शटलचें टोंक त्यांत शिरलें, तरच वरचा व खालचा दोरा एकमेकांत अडकतो. नेढें टोंकाशीं असलेली सुई आणि शटल यांची ही जोडी एलायस हौ याच्या १८४६ च्या अमेरिकन पेटंटांत आहे. आमची सुईच उलटी बसली होती. आत्याबाईंनीं तिची चपटी बाजू नुसती चांचपून तें ओळखलें. मी पुस्तकी विद्वान् पाहतच राहिलों.

विजेचें नवें यंत्र मिळत असतां हा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु वीज गेली तरी पायाचें यंत्र थांबत नाहीं, आणि सुई, वादी, बॉबीन आजही बाजारांत मिळतात. यंत्रांवर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीं देखील १९२४ सालीं सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. अर्थात् शटल फिरण्याची वाटच झिजली असेल किंवा अंगास तडा गेला असेल, तर तें खुशाल भट्टींत जाऊं द्यावें. तेथें ममता नको.

भंगारवाला आठव्या दिवशीं आला. आत्याबाईंनीं त्याला दोन गंजके डबे दिले, आणि शेजारच्या मुलीच्या परकराला काठ लावावयास त्या पुन्हां यंत्रावर बसल्या.